औषधशाळांनी घडवलेले शास्त्र

रसायनशास्त्राचा इतिहास सांगताना एका टोकाला सोने करू पाहणारे किमयागार आणि दुसऱ्या टोकाला विद्यापीठांतील प्राध्यापक उभे केले जातात, आणि मधली सुमारे तीनशे वर्षे ज्यांच्या भट्ट्यांवर आणि बकपात्रांत हे शास्त्र प्रत्यक्ष घडत होते त्या औषधनिर्मात्यांची बोळवण बहुधा एखाद्या वाक्यात केली जाते. सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकातील युरोपीय औषधशाळेचे कामकाज नीट पाहिले, तर ही बोळवण किती अन्यायाची आहे हे ध्यानात येते. तेथील औषधनिर्माता हा तयार माल विकणारा दुकानदार नव्हता. वैद्याने सांगितलेले औषध मुळापासून बनवणे, म्हणजे कच्चा माल पारखून घेणे, तो कुटणे, उकळणे, गाळणे, त्याची वाफ करून ती पुन्हा थंड करणे, अर्थात ऊर्ध्वपातनाने अर्क काढणे, आणि धातू व क्षार मुशीत तापवून त्यांची भस्मे तयार करणे, ही त्याची रोजची कामे होती. आलेली वस्तू खरी कोणती हे ओळखण्याचे त्याचे कसब निसर्गेतिहासाला, म्हणजे वनस्पती, प्राणी आणि खनिजे यांचे वर्णन व वर्गीकरण करणाऱ्या शास्त्राला, उपयोगी पडले, आणि एका पदार्थातून दुसरा वेगळा काढण्याचे कसब रसायनशास्त्राच्या कामी आले.

औषध देणारा वैद्य आणि औषध बनवणारा कारागीर हे दोन स्वतंत्र व्यवसाय असावेत, ही व्यवस्था युरोपात तेराव्या शतकात सम्राट दुसरा फ्रेडरिक याने सिसिली व दक्षिण इटलीसाठी केलेल्या कायद्यांनी रूढ होऊ लागली. पुढे नगरपालिका आणि राजसत्ता यांनी औषधनिर्मात्यांवर अधिकृत औषधसंहिता, म्हणजे कोणते औषध कोणत्या द्रव्यांपासून व कोणत्या रीतीने करावे हे ठरवून देणारा ग्रंथ, बंधनकारक केली; न्यूरेंबर्ग शहराने १५४६ मध्ये व्हालेरिउस कोर्डुस यांचा ग्रंथ याच हेतूने लागू केला आणि लंडनची औषधसंहिता १६१८ मध्ये निघाली. ही बंधने शास्त्राच्या दृष्टीने फार मोलाची ठरली, कारण माल भेसळीचा निघाला किंवा औषध ठरल्याप्रमाणे उतरले नाही तर जबाबदारी औषधनिर्मात्यावर येत असे आणि म्हणून शुद्धता तपासणे हा त्याच्या पोटापाण्याचा प्रश्न होता. विद्यापीठातील विद्वानाला एखाद्या द्रव्याविषयी ग्रंथात काय लिहिले आहे हे सांगून भागत असे. औषधनिर्मात्याला ते द्रव्य हातात घेऊन त्याची परीक्षा करावी लागे.

निसर्गेतिहासातील कामगिरी या पारखीच्या गरजेतूनच सुरू झाली. नेपल्समधील औषधनिर्माते फेरांते इंपेराटो यांनी १५९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांच्या संग्रहालयाचे चित्र आहे. छताला टांगलेली मगर, तिच्याभोवती मासे व शिंपले आणि भिंतीलगत पुस्तके व दगड-धातूंचे नमुने असलेले हे चित्र निसर्गसंग्रहालयाचे सर्वांत जुने छापील चित्र मानले जाते. न्यूरेंबर्गचे बासिलिउस बेस्लर, ज्यांनी १६१३ मध्ये आइखश्टेटच्या बिशपांच्या बागेतील वनस्पतींचा भव्य सचित्र ग्रंथ काढला, तेही औषधनिर्मातेच होते. लंडनमध्ये १६१७ साली औषधनिर्माते किराणा-मसाल्याच्या व्यापाऱ्यांच्या संघातून फुटून निघाले आणि त्यांनी स्वतःचा संघ स्थापन केला. उमेदवारांना रानात नेऊन झाडपाला ओळखायला शिकवण्याच्या या संघाच्या सहली एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत चालू राहिल्या. संघाचे एक सभासद टॉमस जॉन्सन यांनी १६२९ मध्ये केंट परगण्यातील अशा भ्रमंतीचा वृत्तान्त छापला. एखाद्या भागात प्रत्यक्ष फिरून तेथील वनस्पतींची नोंद करण्याचा इंग्लंडमधील हा आरंभीचा प्रयत्न होय. याच जॉन्सन यांनी १६३३ च्या एप्रिलमध्ये बर्म्यूडा बेटावरून आलेला हिरव्या केळ्यांचा घड स्नो हिल येथील आपल्या दुकानात टांगला, तो पिकत जाताना होणारे बदल पाहिले आणि त्याचे वर्णन व चित्र वनस्पतिग्रंथात दिले. कोकणात ज्या फळाकडे कोणी वळूनही पाहणार नाही त्याची अशी टिपणे ठेवण्यात अभ्यासकाची शिस्त दिसते.

लंडनच्या संघाने १६७३ मध्ये थेम्स नदीकाठी चेल्सी येथे औषधी वनस्पतींची बाग लावली. १७२२ मध्ये जमिनीचे मालक सर हॅन्स स्लोन यांनी ती जागा वर्षाला पाच पौंड भाड्याने संघाकडे कायम ठेवताना अशी अट घातली की, बागेत वाढलेल्या वनस्पतींचे पन्नास वाळवलेले नमुने दरवर्षी रॉयल सोसायटीकडे द्यावेत आणि एकूण संख्या दोन हजार होईपर्यंत त्यांत एकाही जातीची पुनरावृत्ती होऊ नये. कराराच्या कागदावरची ही अट म्हणजे बागेने सतत नव्या जाती मिळवत राहाव्यात यासाठी केलेली चोख योजना होती. ही बाग आजही त्याच जागी आहे.

दूरदेशीची द्रव्ये युरोपच्या बाजारात येत तेव्हा ती बहुधा वाळलेल्या मुळ्या, साली आणि डिंक अशा रूपात येत, आणि मूळ झाड कसे असते हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसे. हे अज्ञान दूर करणाऱ्यांत पोर्तुगीज औषधनिर्माते टोमे पिरिश यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. राजपुत्राचे औषधनिर्माते असलेले पिरिश १५११ मध्ये हिंदुस्थानात आले, त्यांनी येथील औषधी द्रव्यांच्या खरेदीचे काम पाहिले, आणि १५१२ ते १५१५ या काळात तांबड्या समुद्रापासून चीनपर्यंतच्या पूर्वेचा एक विस्तृत वृत्तान्त लिहिला, ज्यात गोव्याबरोबरच चौल आणि दाभोळ या बंदरांचीही माहिती आहे. १५१६ च्या जानेवारीत त्यांनी कोचीहून पोर्तुगालच्या राजाला पत्र पाठवून रेवाचिनी, अफू, चिंच इत्यादी द्रव्ये कोठून येतात हे कळवले. गार्सिया द ओर्ता यांचा गोव्यात १५६३ मध्ये छापलेला औषधी द्रव्यांवरील ग्रंथ मराठी वाचकांना ऐकून तरी माहीत असतो. ओर्ता वैद्य होते, आणि त्यांच्या आधी सुमारे अर्धशतक एका औषधनिर्मात्याने हा विषय हाताळला होता, याची मात्र सहसा आठवण ठेवली जात नाही.

सतराव्या शतकाच्या अखेरीस या माहितीच्या देवघेवीचे एक केंद्र लंडनच्या ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरील औषधनिर्माते जेम्स पेटिव्हर यांचे दुकान होते. पेटिव्हर स्वतः क्वचितच देशाबाहेर पडले. जहाजांवरील शल्यवैद्य, खलाशी, धर्मोपदेशक आणि व्यापारी यांना ते पाने कागदात कशी दाबावीत, कीटक मद्यार्कात कसे ठेवावेत याच्या छापील सूचना देत, आणि परत आलेल्या नमुन्यांची वर्णने प्रसिद्ध करताना पाठवणाऱ्याचे नावही छापत. मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्यातील शल्यवैद्य सॅम्युअल ब्राउन यांनी पाठवलेल्या वनस्पती त्यांच्याकडे आल्या, तशाच मनिलातील जेझुइट औषधशाळा चालवणारे गेओर्ग योझेफ कामेल यांच्याकडूनही आल्या. मोराव्हियातील ब्रनो येथे जन्मलेल्या कामेल यांनी फिलिपीन्समधील वनस्पतींचे केलेले वर्णन जॉन रे या इंग्लिश निसर्गशास्त्रज्ञांनी १७०४ मध्ये आपल्या वनस्पतिग्रंथाच्या तिसऱ्या खंडाला जोडले. कॅमेलिया हे फुलझाडाचे नाव स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअस यांनी त्यांच्याच स्मरणार्थ ठेवले. पेटिव्हर १७१८ मध्ये वारले, तेव्हा त्यांचा प्रचंड संग्रह स्लोन यांनी विकत घेतला, आणि तो आज लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात अभ्यासकांना पाहता येतो. ॲमस्टरडॅमचे औषधनिर्माते आल्बेर्टुस सेबा हेही बंदरात उतरणाऱ्या खलाशांकडून प्राणी व शिंपले मिळवत; त्यांचा पहिला संग्रह रशियाच्या पीटर द ग्रेटने घेतला आणि दुसऱ्या संग्रहाचे चित्रमय वर्णन चार खंडांत निघाले.

रसायनशास्त्राकडे वळताना कार्ल व्हिल्हेल्म शेले यांच्यापाशी थांबणे भाग आहे, कारण औषधशाळेने किती मोठा शास्त्रज्ञ घडवला याचे त्यांच्याइतके निर्विवाद उदाहरण दुसरे नाही. १७४२ मध्ये तेव्हाच्या स्वीडिश पोमेरेनियातील श्ट्रालझुंड येथे जन्मलेल्या शेले यांनी विद्यापीठाचे तोंडही पाहिले नाही. वयाच्या चौदाव्या वर्षी ते येटेबोर्ग येथील औषधनिर्माते मार्टिन बाउख यांच्याकडे उमेदवार म्हणून लागले, आणि दिवसाचे काम आटोपल्यावर मालकाच्या कपाटातील रसायनशास्त्राची पुस्तके वाचून त्यांतील प्रयोग करून पाहू लागले. पुढे माल्मो, स्टॉकहोम आणि उप्साला येथील औषधशाळांत त्यांनी नोकरी केली. १७७५ च्या फेब्रुवारीत स्वीडनच्या शाही विज्ञान अकादमीने त्यांना सभासद करून घेतले, तेव्हा ते अजून दुसऱ्याच्या दुकानातले साहाय्यकच होते. त्याच वर्षी ते शेपिंग या लहान गावातील औषधशाळा चालवण्यास गेले आणि मोठ्या शहरांतून आलेली आमंत्रणे नाकारून शेवटपर्यंत तेथेच राहिले.

शेले यांनी उप्सालात असताना, बहुधा १७७१-७२ मध्ये, सोरा, पाऱ्याचे भस्म इत्यादी पदार्थ तापवून असा वायू मिळवला की ज्यात मेणबत्ती झगझगीत जळे. त्याला त्यांनी अग्निवायू म्हटले. हाच ऑक्सिजन. इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टली यांना हा वायू १७७४ मध्ये मिळाला, आणि त्यांनी ते लगेच प्रसिद्ध केले. शेले यांचे पुस्तक प्रस्तावना व छपाई यांत रेंगाळून १७७७ मध्ये बाहेर पडले, त्यामुळे शोधाचे श्रेय दीर्घकाळ प्रीस्टली यांच्याकडे राहिले. १७७४ मध्येच शेले यांनी काळ्या मँगनीज खनिजावर मिठाचे आम्ल, म्हणजे आजचे हायड्रोक्लोरिक आम्ल, टाकून हिरवट पिवळा, गुदमरवणारा आणि फुलांचे रंग उडवणारा वायू मिळवला. तो मूलद्रव्य आहे हे हंफ्री डेव्ही यांनी १८१० मध्ये ठरवले आणि त्याला क्लोरीन हे नाव दिले. हे डेव्हीदेखील पेन्झान्स गावातील एका शल्यवैद्य-औषधनिर्मात्याकडे उमेदवारी करूनच पुढे आले होते.

वायूंच्या शोधांपेक्षाही शेले यांची सेंद्रिय आम्लांवरील कामगिरी औषधशाळेच्या रीतीला अधिक जवळची आहे, आणि तिचे एक उदाहरण तपशिलाने पाहण्याजोगे आहे. लिंबाचा रस नुसता आटवला तर त्यातील साखर व चिकट द्रव्ये यांच्यामुळे चिकट पाक होतो, स्फटिक मिळत नाहीत. १७८४ मध्ये शेले यांनी रस तापवून त्यात खडूची पूड थोडी थोडी घातली. फेस येऊन रसातील आम्ल खडूतील चुन्याशी संयोग पावले आणि पाण्यात न विरघळणारा पांढरा साका तळाशी बसला. हा साका धुऊन घेतला की चिकटपणा पाण्याबरोबर निघून जातो. नंतर त्यांनी त्यावर सौम्य गंधकाम्ल ओतले. गंधकाम्ल चुन्याला धरून जिप्समच्या रूपाने खाली बसले, आणि मोकळे झालेले आम्ल वरच्या पाण्यात उरले, जे गाळून आटवल्यावर सायट्रिक आम्लाचे स्वच्छ स्फटिक मिळाले. याच युक्तीने त्यांनी त्यापूर्वी द्राक्षमद्याच्या पिंपांत साचणाऱ्या खारीपासून टार्टारिक आम्ल वेगळे केले होते, जे आपल्या चिंचेच्या आंबटपणाचेही मुख्य कारण आहे. आंबट दुधातील लॅक्टिक आणि सफरचंदातील मॅलिक आम्लही प्रथम त्यांच्याच हाती शुद्ध रूपात आले. खडू, गंधकाम्ल, गाळणी आणि मंद आच एवढ्याच सामग्रीवर आधारलेली सायट्रिक आम्लाची ही कृती विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत कारखान्यांतही वापरली जात होती.

ग्लिसरीनचा शोध तर सरळ एका नेहमीच्या औषधातून लागला. ऑलिव्हचे तेल आणि मुरदाडशिंग, म्हणजे शिशाचे पिवळट भस्म, पाण्याबरोबर उकळून जखमेवर लावायचा चिकट लेप करणे हे प्रत्येक औषधनिर्मात्याचे नित्याचे काम होते. उरलेले पाणी सारे जण फेकून देत. शेले यांनी ते आटवून पाहिले, तेव्हा त्यांना गोड चवीचा दाट द्रव मिळाला. शेले पदार्थांची चव घेऊन आणि वास हुंगून नोंद करत असत, आणि सोमल, पारा, प्रुसिक आम्ल यांसारख्या विषांशी त्यांचा रोजचा संबंध असे. १७८६ मध्ये अवघ्या ४३ व्या वर्षी त्यांना मृत्यू आला त्यामागे ही विषे असावीत, असे अनेक चरित्रकारांना वाटते. हयातभर मोजक्या साधनांनी काम केलेल्या या माणसाइतके नवे पदार्थ जगाला देणारा रसायनज्ञ त्या शतकात दुसरा दाखवता येत नाही.

शेले एकटे नव्हते. बर्लिनमध्ये दरबारी औषधनिर्मात्याचे पुत्र आंद्रेआस मार्गग्राफ यांनी १७४७ मध्ये बीटच्या कंदातील साखर उसाच्या साखरेसारखीच असल्याचे दाखवले, आणि त्यावरूनच पुढे युरोपातील बीट-साखरेचा उद्योग उभा राहिला. त्याच शहरात स्वतःची औषधशाळा चालवणारे मार्टिन हाइन्रिख क्लाप्रोट यांनी १७८९ मध्ये युरेनियम आणि झिर्कोनियम या मूलद्रव्यांचे अस्तित्व ओळखले, आणि १८१० मध्ये बर्लिन विद्यापीठ निघाले तेव्हा रसायनशास्त्राचे पहिले प्राध्यापक तेच झाले. पॅरिसमधील गियोम-फ्रांस्वा रुएल हे औषधनिर्माते राजोद्यानात जी व्याख्याने देत, ती ऐकणाऱ्यांत आधुनिक रसायनशास्त्राचे प्रवर्तक लाव्हाझिए होते.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या व्यवसायाने वैद्यकाला दिलेली सर्वांत मोठी देणगी म्हणजे वनस्पतींतील प्रभावी द्रव्य वेगळे काढण्याची रीत. अफूची अडचण अशी होती की, एका ढेपेतील अफू तीव्र तर दुसऱ्या ढेपेतील मंद निघे, आणि तेवढ्याच मात्रेने एक रोगी तळमळत राही तर दुसरा दगावे. जर्मनीतील पाडरबॉर्न येथील औषधशाळेत काम करणारे विशीतले साहाय्यक फ्रीड्रिख झेर्ट्यूर्नर यांनी १८०४-०५ च्या सुमारास अफूच्या काढ्यात अमोनिया घालून खाली बसलेले स्फटिक वेगळे केले आणि कुत्र्यांना देऊन झोप आणणारे तत्त्व तेच असल्याची खात्री केली. त्यांच्या पहिल्या लेखांकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे त्यांनी स्वतःवर आणि तीन तरुणांवर प्रयोग केला. थोड्या थोड्या अवकाशाने प्रत्येकी अर्धा ग्रेन, म्हणजे सुमारे तीस मिलिग्रॅम, अशा तीन मात्रा घेतल्यावर सर्वांना इतकी गुंगी आली की व्हिनेगर पिऊन ओकारी काढावी लागली. हा वृत्तान्त असलेला त्यांचा १८१७ चा लेख मात्र फ्रेंच रसायनज्ञ गे-ल्युसाक यांच्या नजरेस पडला आणि मॉर्फीनचे महत्त्व युरोपभर कळले. वनस्पतींतून मिळणारे द्रव्य आम्लासारखे नसून अल्कलीसारखे, म्हणजे आम्लाशी संयोग पावून लवण देणारे, असू शकते ही कल्पनाच नवी होती. अशा द्रव्यांना अल्कलॉइड हे नाव १८१९ मध्ये देणारे व्हिल्हेल्म माइसनर हेही हाले येथील औषधनिर्मातेच होते.

ही वाट दिसताच पॅरिसचे दोन औषधनिर्माते, प्येर-जोझेफ पेल्त्ये आणि जोझेफ काव्हांतू, यांनी काही वर्षांतच एकामागून एक अल्कलॉइडे शोधून काढली. १८१८ मध्ये त्यांनी सेंट इग्नेशियसच्या बियांतून स्ट्रिक्निन काढले, ज्या बियांची माहिती युरोपला मनिलाच्या कामेल यांनी शतकापूर्वी दिली होती. त्याच कुळातला आपल्याकडचा काजरा, ज्याच्या बिया कुचला म्हणून विकल्या जातात, त्यातही हेच विष असते. १८२० मध्ये त्यांनी सिंकोना झाडाच्या सालीतून क्विनीन वेगळे केले. हिवतापावर ही साल दीड-दोनशे वर्षे दिली जात होती, पण तिच्यात खरे औषध किती आहे हे सालीकडे पाहून सांगता येत नसे. आता ते तोलून देता येऊ लागले. पेल्त्ये आणि काव्हांतू यांनी ही कृती स्वतःच्या हक्कात राखून न ठेवता जाहीर केली, आणि हा निर्णय त्यांच्या शोधाइतकाच थोर मानला पाहिजे.

क्लोरीनच्या कुटुंबातील आणखी तीन मूलद्रव्येही याच व्यवसायाशी निगडित माणसांना सापडली: आयोडीन १८११ मध्ये औषधशाळेत शिकलेल्या बेर्नार कूर्त्वा यांना, ब्रोमीन १८२६ मध्ये माँपेलियेचे औषधनिर्माते आंत्वान बालार यांना, आणि अनेकांना इजा करूनही हाती न लागलेले फ्लुओरीन १८८६ मध्ये आंरी म्वासां यांना. पॅरिसच्या औषधशाळेत उमेदवारी करून रीतसर औषधनिर्माते झालेल्या म्वासां यांना १९०६ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

म्वासां यांच्या काळापर्यंत मात्र औषधशाळेचे रूप पालटले होते. युस्टुस लीबिख, जे स्वतः काही काळ औषधशाळेत उमेदवार होते, यांनी १८२४ नंतर गीसन विद्यापीठात चालवलेल्या प्रयोगशाळेत आरंभी औषधनिर्मात्यांचाच भरणा असे, पण तेथे शिकलेले विद्यार्थी पुढे रसायनज्ञ म्हणून स्वतंत्र ओळख सांगू लागले. दुसरीकडे डार्मश्टाट येथील औषधशाळेचे मालक हाइन्रिख एमानुएल मेर्क यांनी १८२७ पासून अल्कलॉइडांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले. शुद्ध द्रव्ये कारखान्यातून बाटलीबंद येऊ लागल्यावर दुकानामागची भट्टी विझली, आणि संशोधन विद्यापीठ व कारखाना यांत वाटले गेले.

हिंदुस्थानात या परंपरेचा धागा थोडा अधिक काळ टिकला, कारण येथील बाजारातील शेकडो द्रव्यांची रासायनिक तपासणी अजून व्हायचीच होती. मुंबई सरकारने महाबळेश्वरजवळ लिंगमळा येथे सिंकोन्याची लागवड करून पाहिली ती फसली. निलगिरीत मात्र ती साधली, आणि सालीतील क्विनीनचे प्रमाण तपासण्यासाठी १८८४ पासून उटकमंड येथे डेव्हिड हूपर हे इंग्लिश औषधनिर्माते नेमले गेले. मुंबईतील सरकारी औषधभांडाराचे प्रमुख विल्यम डायमॉक आणि कलकत्त्याचे सी. जे. एच. वॉर्डन यांच्याबरोबर हूपर यांनी १८९० ते १८९३ या काळात फार्माकोग्राफिया इंडिका हा तीन खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. त्यात वनस्पतींचे वर्णन, रासायनिक पृथक्करण आणि बाजारातील ओळख यांबरोबर मराठी, कोकणी व इतर देशी नावेही नोंदलेली आहेत. मात्र बाजारातले नाव आणि झाड यांची सांगड कायम एकच राहते असे नाही. एकाच नावाखाली भिन्न वनस्पती विकल्या जातात, ही औषधी बाजाराची जुनी अडचण आजही आहे. म्हणून महाराष्ट्र आणि गोव्यातील औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयांनी या खंडांतील मराठी-कोकणी नावे हाती घेऊन, आज काष्ठौषधीच्या दुकानांत त्या नावांखाली प्रत्यक्ष कोणती वनस्पती मिळते याची झाडापासून प्रयोगशाळेपर्यंत तपासणी करून ती मराठीत प्रसिद्ध करावी.